नातीपेक्षा लहान नाणं

"मला न्यायबिय काही नको," पारखींची लेक म्हणाली. "ज्यानं हे केलं त्याला चारचौघांत तोंड लपवायला जागा मिळू नये, एवढंच हवंय. तुमच्या कामात ते बसतं का, सांगा."

बोलताना तिचं लक्ष आत्यांकडे नव्हतं. ते जमिनीवर रांगणाऱ्या तिच्या मुलीकडे होतं. चिमणी टेबलाखाली गेली की ती वाकायची, टेबलाच्या कोपऱ्यावर हात धरायची आणि वाक्य तुटलं होतं तिथून पुढं सुरू करायची.

"बसतं," आत्या म्हणाल्या. "पण आधी कुणी केलं ते कळू दे. भाचेबुवा, ती टाचण्यांची डबी वर ठेवा."

भाच्यानं डबी उचलली तेव्हा चिमणीचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

आत्या पूर्वी विमा कंपनीत होत्या. कुठलं गोदाम आपोआप जळलं आणि कुठलं मालकानं पेटवलं, हे राख बघून सांगायच्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खाजगी चौकशीचं काम सुरू केलं आणि भावाच्या मुलाला हाताशी घेतलं. भाचा मेहनती होता. समोरची गोष्ट त्यालाही दिसायची, फक्त बाकी सगळ्यांना दिसून झाल्यावर.

"पहिल्यापासून सांगा," आत्या म्हणाल्या.

"माझे बाबा जुन्या नाण्यांचे पारखी. नाणं हातात घेऊन खरं की खोटं ते सांगायचं, जन्मभर हेच केलं. कागदगिरणीचे मालक आहेत ना, त्यांच्याकडे एक सोन्याचं नाणं होतं. एका बाजूला घोड्यावर बसलेला राजा, दुसऱ्या बाजूला हातात कणसं घेतलेली देवी. तसली नाणी जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत म्हणे. नाणेप्रेमी मंडळाच्या सभेत ते सगळ्यांना दाखवायचं ठरलं. सकाळी बाबांनी तपासलं, अस्सल आहे म्हणाले. चिटणीसांनी ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळच्या सभेला प्राध्यापक पाहुणे होते. या नाण्यावर त्यांनी पुस्तक लिहिलंय. त्यांनी नाणं हातात घेतलं आणि खोटं म्हणून सांगितलं."

"तुम्ही होतात तिथं?"

"पहिल्याच रांगेत. ही मांडीवर."

"मग काय काय दिसलं ते सांगा. फालतू वाटेल तेसुद्धा."

लेकीनं क्षणभर डोळे मिटले. "चिटणीसांनी कपाट उघडून ताटली आणली. आत मखमलीची गादी, गादीवर नाणं. टेबलावर मोठा दिवा होता, त्याखाली ठेवली. प्राध्यापक म्हणाले, दिव्याच्या उजेडात सोनं फसवतं. म्हणून नाणं घेऊन खिडकीशी गेले. खिशातल्या थैलीतून भिंग काढून बराच वेळ बघत होते. ही तेवढ्यात किरकिरायला लागली. खिडकीतनं पाखरं दाखवून हिला गप्प करावं म्हटलं, तर बाहेर काही दिसेचना. शेवटी बांगडी काढून दिली हातात."

"पुढं?"

"ते परत आले. नाणं गादीवर ठेवलं. बाबांकडे बघून म्हणाले, 'पारखी, हे नाणं तुमच्या नातीपेक्षा लहान आहे.' आधी कुणाला कळलं नाही. मग एकजण हसला. मग सगळी खोली." तिनं चिमणीला उचलून मांडीवर घट्ट धरलं. "बाबांनी भिंग लावलं. अक्षरांच्या कडेला बारीक बुडबुडे. जुनं नाणं ठोकून पाडलेलं असतं, त्यात बुडबुडा राहत नाही. साच्यात सोनं ओतलं तरच राहतो."

"म्हणजे खोटं होतंच."

"होतंच. गिरणीवाले म्हणतात, म्हाताऱ्यानं सकाळी तपासताना हातचलाखी केली. सोमवारी पोलिसात जाणार आहेत. बाबांना त्याचं काही नाही हो. ते म्हणतात, नाणं बदललेलंच नाही, बुडबुडे सकाळीसुद्धा होते, मला दिसले नाहीत. माझे डोळे गेले. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात." तिचा आवाज खाली आला. "चोर म्हटलेलं पचवलं असतं त्यांनी. हे नाही पचत. असेच पडून राहिले तर जगायचे नाहीत ते."

आत्यांनी विचारलं, "कुणाचा राग होता त्यांच्यावर?"

"जन्मभर लोकांची नाणी खोटी ठरवली त्यांनी. अर्धं मंडळ डूख धरून असेल. मला एकच करा. जो कुणी असेल त्याला त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांसमोर उभा करा."

---

पारखी खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडले होते. आत्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"मला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी काय बघितलंत, ते मला शिकवा."

"आंधळ्यानं काय शिकवायचं?"

"तरी शिकवा. मी लांबून आलेय."

मग पारखी उठून बसले. त्यांनी चिमटीत हवा धरली आणि दुसरा हात तिच्याखाली पसरला.

"नाणं कडेनं धरायचं. चित्रावर बोट नाही. आधी घोड्याची आयाळ बघितली. मग मोकळी जागा. ठोक बसतो तेव्हा सोनं कडेकडे सरकतं. ओल्या वाळूवरनं पाणी ओसरल्यावर रेषा राहतात ना, तशा बारीक रेषा उमटतात. त्या होत्या. मग राजाचं लगाम धरलेलं बोट. तांदळाच्या कणीएवढं. त्या बोटाला कारागिरानं नख कोरलंय!" त्यांच्या आवाजात जीव आला. "कोण बघणार होतं ते नख? पण कोरलंय."

बोलता बोलता त्यांनी वरच्या कडेला अंगठ्यानं हलकेच ढकललं आणि हवेतलं नाणं वरून खाली पालटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं तसं. "मग देवी. कणसांचं एकेक टोक वेगळं."

"आणि संध्याकाळी?"

हात खाली आला. "संध्याकाळी राजाचीच बाजू बघितली. बुडबुडे दिसले. पुढं बघवलं नाही."

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

जिन्यावर भाचा कुजबुजला, "आत्या, हवेतलं नाणं बघून काय मिळालं तुला?"

"तुझ्या खिशात एखादं नाणं आहे? काढ. आता पालट."

भाच्यानं ते पुस्तकाचं पान उलटावं तसं उजवीकडून डावीकडे पालटलं. "आता?"

"आता काही नाही. ठेव खिशात."

---

गिरणीवाल्यांच्या कचेरीत कागदाच्या लगद्याचा वास होता आणि मालकांचा आवाज यंत्रांच्या वर चढायचा.

"तुम्हाला त्याच्या लेकीनं पाठवलंय. चहा मिळणार नाही!"

"चहा घेऊनच आलोय," आत्या म्हणाल्या. "खोटं नाणं कुठाय?"

त्यांनी तिजोरीतून लाखेनं बंद केलेलं पाकीट काढलं. "त्या रात्रीच बंद केलं. कुणाला हात लावू दिला नाही. हे सोमवारी पोलिसांना देणार."

"खरं नाणं तुम्ही कितीदा हाताळलंत?"

"एकदाही नाही. बोटांचा घाम सोन्यावर बसतो म्हणून पारखींनीच दम दिला होता. डबीतनंच बघायचो. माझ्याच घरात, माझीच वस्तू, आणि मी आपला डबीत डोकावतोय!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "बाई, वस्तू गेली ते गेलं. पण त्या माणसावर मी आंधळा विश्वास टाकला होता. त्याला गजाआड बघितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही."

"सोमवारपर्यंत हे पाकीट माझ्याकडे राहू द्या. चुकीच्या माणसाला आत टाकलंत तर तो घास आणखी कडू लागेल."

मालकांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग पाकीट सरकवलं.

"आणि चहा?" भाच्यानं दाराबाहेर विचारलं. "आपण कुठं घेतला होता?"

"अरे, बोलायची पद्धत असते."

---

मंडळाची खोली एका घड्याळजीच्या दुकानावर होती. लाकडी खुर्च्यांच्या रांगा, एक काचेचं कपाट, रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी. चिटणीस माणूस नीटनेटका होता, पण चेहऱ्यावरून झोप उडालेली दिसत होती.

आत्यांनी लाख फोडली आणि नाणं गादीवर ठेवलं. "काय दिसतं सांगा."

चिटणीसांनी हातमोजे चढवले. नाणं गादीच्या वर दोन बोटं उचललं, राजाची बाजू बघितली, पान उलटावं तसं पालटलं, देवीची बाजू बघितली. "ओतीव. दोन्हीकडे बुडबुडे. पारखींच्या नजरेतून हे सुटावं म्हणजे कमाल आहे."

"तुम्ही त्याला इतकं खाली का धरलंत? वाकावं लागलं तुम्हाला."

"पारखींची शिस्त. नाणं गादीवरून बाजूला न्यायचं नाही. हातातून सुटलं तर मखमलीवर पडलं पाहिजे. आमच्याकडे सगळे पाळतात, काल आलेला सभासदसुद्धा."

"त्या दिवशी कपाटाची किल्ली?"

"माझ्या गळ्यात. सकाळी नाणं ठेवलं ते राजा वर करून. सभेच्या थोडं आधी वाटलं, देवीची बाजू जास्त सुरेख आहे, ती वर करावी. तर घाईत पालटली आणि देवी डोक्यावर उभी! म्हटलं, आज माझा एकही हात सरळ पडत नाहीये. फिरवून सरळ केली, कुलूप लावलं. सभा सुरू झाल्यावर मीच ताटली काढून प्राध्यापकांसमोर ठेवली. मध्ये कुणी हात लावलेला नाही."

"नाण्याचे फोटो कुणी काढले होते?"

"मीच. दोन्ही बाजू शेजारीशेजारी छापून प्रत्येक सभासदाला पाठवल्या. ते पोस्टर बघा," त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं घोडेस्वार आणि देवी शेजारीशेजारी ताठ होते. "किती हौसेनं लावलं होतं."

"पारखींशी कुणाचं वाकडं?"

चिटणीस घुटमळले. "वाकडं असं नाही. पण प्राध्यापकांनी मागं एक चांदीचं नाणं आणलं होतं. त्यावर त्यांचं अर्धं पुस्तक उभं होतं. पारखींनी ते हातात घेतलं, ताटलीत टाकलं आणि म्हणाले, 'सर, हे नाणं तुमच्यापेक्षा वयानं लहान आहे.' आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा."

"आणि प्राध्यापक?"

"तेही हसले. सगळ्यात शेवटपर्यंत तेच हसत होते."

---

प्राध्यापकांच्या घरी भिंतभर नाण्यांचे मोठे केलेले फोटो होते. स्वतः त्यांनी दार उघडलं, स्वतः पाणी आणलं. कोटाच्या वरच्या खिशातून चामड्याच्या थैलीची दोरी बाहेर आली होती.

"पारखींचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "वय झालं की नजर जाते. मान्य करायला धैर्य लागतं."

"तुम्ही हे नाणं आधी कधी हाताळलं होतंत, सर?"

"दुर्दैव आहे माझं. आयुष्य घातलं या नाण्यात, पण बघितलं ते फोटोत. एकदा संग्रहालयात, काचेपलीकडे. हातात आलं ते त्या संध्याकाळी, आणि तेही खोटं निघालं." ते खिन्न हसले.

"एकदा पुन्हा बघाल? मला ते बुडबुडे काही दिसत नाहीत."

आत्यांनी नाणं रुमालावर ठेवलं. प्राध्यापकांनी ते कडेनं उचललं आणि भाच्याकडे हात पुढं केला. "तुमचं भिंग द्या जरा."

भाच्यानं दिलं. प्राध्यापकांनी राजाची बाजू दाखवली, बुडबुडे दाखवले. मग अंगठ्यानं वरच्या कडेला ढकलून नाणं पालटलं. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. मनगट वळवून त्यांनी नाणं अर्धं फिरवलं आणि म्हणाले, "हं. आणि इथं देवीच्या पायाशी, हे बघा."

"दिसलं," आत्या म्हणाल्या. "मागं पारखी तुम्हाला हसले होते म्हणे."

"ते? मी कधीच विसरलो." प्राध्यापकांनी भिंग परत केलं. "खिडकीजवळच्या खुर्चीतले वैद्य आधी हसले. मग चिटणीस. मागं दोन बायका होत्या, त्यांना विनोद कळला नव्हता, तरी हसल्या. आणि पारखींनी भिंगसुद्धा काढलं नव्हतं. नुसतं हातात घेतलं आणि टाकलं. एकदा भिंगातून बघायला काय जात होतं?" ते थांबले. "असो. विसरलो मी."

रस्त्यावर आल्यावर भाचा म्हणाला, "चांगला माणूस वाटला."

"वाटला ना? उद्या सगळ्यांना बोलवायचंय. गिरणीवाल्यांना सांग, सोबत ओळखीचा फौजदार आणला तरी चालेल, नाहीतरी सोमवारी त्यांना जायचंच होतं."

---

रविवारी सकाळी मंडळाची खोली भरली. त्या दिवशी हसलेले सगळे आले होते. पारखी टेबलाशी बसले होते, मान खाली. लेकीनं त्यांना कपडे घालून, हाताला धरून आणलं होतं. चिमणी तिच्या खांद्यावर झोपली होती.

आत्या उभ्या राहिल्या.

"तुम्हा सगळ्यांचा समज असा, की नाणं संध्याकाळच्या आधी कधीतरी बदललं, नाहीतर पहिल्यापासून खोटं होतं. मीही तिथूनच सुरुवात केली. मग मला पारखींनी नाणं बघायला शिकवलं."

त्यांनी खोटं नाणं गादीवर ठेवलं.

"चिटणीस, राजाची बाजू वर आहे. पान उलटावं तसं पालटा. देवी कशी दिसते?"

चिटणीसांनी पालटलं. "सरळ."

"सभेच्या थोडं आधी कपाटात पालटलंत तेव्हा कशी होती?"

चिटणीसांचं तोंड उघडं राहिलं. "डोक्यावर!"

"तुम्हाला वाटलं तुमचा हात चुकला. हात बरोबर होता. पारखी, खऱ्या नाण्यावर देवी कशी असते?"

पारखींनी मान वर केली. "उलटी. त्या टांकसाळीत खालच्या ठशावर वरचा ठसा उलटा धरून ठोकायचे. म्हणून ते नाणं वरून खाली पालटायचं, तर देवी सरळ दिसते." त्यांची नजर गादीवरच्या नाण्यावर खिळली. "हे... हे तसं नाही."

"तुम्ही एकच बाजू बघितलीत त्या संध्याकाळी, नाहीतर तेव्हाच कळलं असतं. म्हणजे सभेच्या थोडं आधीपर्यंत कपाटात खरं नाणं होतं. सकाळी तुम्हाला बुडबुडे दिसले नाहीत, कारण सकाळी बुडबुडे नव्हतेच. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

लेकीनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता हे खोटं नाणं बनवलं कुणी? गिरणीवाल्यांनी बनवलं असतं तर घरातल्या खऱ्या नाण्यावरूनच साचा काढला असता, देवी आपोआप उलटी आली असती. पारखींच्या तर हातालाच ते ठाऊक. चिटणीसांनी स्वतः होऊन देवी डोक्यावर होती असं मला सांगितलं. चोर असं सांगत नाही. देवी सरळ कोण बसवेल? ज्यानं हे नाणं फक्त फोटोत बघितलं, तो. फोटोत दोन्ही बाजू शेजारीशेजारी ताठ असतात. पालटल्यावर काय होतं, ते फोटो सांगत नाही."

"फोटो तर आम्हा सगळ्यांकडे आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"आहेत. पण कुलूप उघडल्यानंतर नाण्याला हात लागला तो एकाच माणसाचा. ते दिव्याखालचं नाणं उचलून खिडकीशी घेऊन गेले. का? म्हणे दिवसाचा उजेड हवा. बाहेर इतका अंधार होता की बाळाला दाखवायला एक पाखरू दिसत नव्हतं. गादीवरून नाणं न हलवायची शिस्त नव्या सभासदालाही माहीत, आणि यांनी तर पुस्तकच लिहिलंय. पण गादीवर पन्नास डोळे होते. खिडकीशी फक्त त्यांची पाठ होती."

खोलीतल्या माना एकेक करून वळल्या.

प्राध्यापक शांत होते. "बाई, मी ते नाणं खोटं असल्याचं उघड केलं. मीच बदलेन?"

"म्हणून तर तुमच्यावर कुणाची नजर गेली नाही. भिंगाच्या थैलीतून भिंग निघालं, त्यासोबत खोटं नाणं निघालं. थैलीत भिंग परत गेलं, त्यासोबत खरं नाणं गेलं. माझ्याकडे एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण काल तुम्ही माझ्यासमोर हे खोटं नाणं पालटलंत. वरून खाली. देवी उलटी आली, तुम्हाला आठी पडली, आणि तुम्ही ते फिरवून घेतलंत. सर, तुम्ही म्हणता खरं नाणं तुम्ही कधी हातात धरलं नाही. मग त्याला कसं पालटायचं हे तुमच्या हाताला कुणी शिकवलं? एका दिवसात हाताला अशी सवय लागत नाही. रोज काढून बघावं लागतं."

प्राध्यापकांचा हात कोटाच्या वरच्या खिशाकडे गेला.

"आणि स्वतःचं भिंग खिशात असताना तुम्ही माझ्या भाच्याचं मागितलंत. थैली आमच्यासमोर उघडायची नव्हती. आजही ती खिशात आहे."

गिरणीवाल्यांसोबत आलेला फौजदार दाराशी सरकला. प्राध्यापकांनी एकदा खोलीभर बघितलं. मग थैली काढली, दोरी सैल केली आणि वाकून, फार हळू, खरं नाणं मखमलीवर ठेवलं.

"आपटणार नाही," ते म्हणाले. "तेवढी माया आहे."

पारखींनी भिंग लावलं. खोलीत खालच्या घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. त्यांनी नाणं वरून खाली पालटलं, पुन्हा पालटलं.

"आहे," ते म्हणाले. "नख आहे."

गिरणीवाल्यांनी घसा साफ केला. "पारखी, मी..."

"नंतर," लेक म्हणाली. तिनं झोपलेल्या चिमणीला खांदा बदलून घेतलं आणि खुर्च्यांकडे वळली. "आता का गप्प? हसा ना. त्या दिवशी हसलात तसं हसा. वैद्यकाका, तुम्ही सुरू करा."

कुणी हसलं नाही. वैद्य बुटांकडे बघत होते. ती एकेका चेहऱ्यावर नजर रोखत गेली, आणि जिथं नजर पोचली तिथं मान खाली गेली.

प्राध्यापकच बोलले. "मला तुमचं नाणं नको होतं, गिरणीवाले. परत पाठवणार होतो. ठेवून घेतलं, हातातून सुटेना म्हणून." ते पारखींकडे वळले. "मला फक्त तुम्ही त्या खुर्चीत हवे होतात, जिथं मी बसलो होतो. माझं पुस्तक गेलं, विद्यार्थी माझ्यामागं तुमचं वाक्य बोलायला लागले. आणि तुम्ही भिंगसुद्धा काढलं नव्हतं!"

त्यांनी दुसऱ्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. काळपट चांदीचं एक नाणं. ते त्यांनी पारखींसमोर गादीवर ठेवलं.

"मी येतो यांच्यासोबत, कुठं म्हणतील तिथं. पण आधी एकदा बघा. भिंगातून. खोटं असेल तर खोटं म्हणा, मी मानेन. पण बघून म्हणा." आवाज फुटला. "तुमच्यावाचून मला दुसरं कोण सांगणार?"

फौजदार थांबला. सगळ्यांना ठाऊक होतं की पारखी हाती दिलेलं नाणं कधी नाकारत नाहीत. पारखींच्या चिमटीत भिंग होतं. नाणं त्यांच्या बोटांपासून वीतभर दूर होतं.

पारखींनी भिंगाची घडी मिटली आणि ते खिशात ठेवलं.

"मी बघणार नाही," ते म्हणाले.

"पारखी!"

"आज नाही, उद्या नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. आणि मी सांगितल्याशिवाय तुमचा दुसऱ्या कुणावर विश्वास बसायचा नाही, हे आताच तुम्ही म्हणालात." ते खुर्चीचे हात धरून उठले. "चला, बाळ. नातीची मान अवघडली असेल."

प्राध्यापक टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. फौजदारानं त्यांच्या खांद्याला हात लावला, तरी त्यांना उठता येईना.

आत्यांनी आपली पिशवी उचलली. "भाचेबुवा, निघा. इथलं आपलं काम संपलंय."

"आत्या, ते बघू शकले असते की. एवढंसं तर काम होतं."

"म्हणूनच बघितलं नाही," आत्या म्हणाल्या.

खाली रस्त्यावर ऊन चढलं होतं. लेक वडिलांच्या बरोबरीनं चालत होती. तिला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं, तरी ती पुन्हा पुन्हा वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत प्रथमच ते आधाराशिवाय चालत होते, पाठ ताठ, पावलं भराभर. त्यांना गाठताना तिलाच दम लागत होता.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही खरंच बघितलं नाहीत ते नाणं?"

"बघायचं काय त्यात? त्यांनी गादीवर ठेवलं तेव्हाच दिसलं. माझे डोळे चांगले आहेत. तुझ्या त्या आत्याबाईंनीच सांगितलं ना?"

ती जागच्या जागी थांबली. "मग? खरं होतं की खोटं?"

पारखी दोन पावलं पुढं गेले, आणि मग तिच्यासाठी थांबले. त्यांनी हलक्या हातानं चिमणीचं टोपडं डोळ्यांवर ओढून ऊन अडवलं.

"सांगा ना. मला तरी सांगा."

"तुला सांगितलं," ते म्हणाले, "तर कधीतरी तुला त्याची दया येईल, आणि तू जाऊन त्याला सांगून टाकशील."